दादू गवळ्याने दिलेली माफी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता मी तिच्याभोवती दिवाळीच्या पणत्या लावत बसेन आणि शेवटी वाचणाऱ्यालाही वाटेल, की माणूस तसा बरा होता. माझी ही जुनी खोड आहे.

माझा मित्र रंगराव याने एक गोष्ट मला विश्वासाने सांगितली होती. ती मी एका कॉम्प्युटर गेममधल्या पात्राच्या पोटात घातली. तिथून ती बाहेर पडली आणि रंगरावच्याच अंगणात, त्याच्या मुलीच्या कानावर गेली. त्यानंतर रंगरावची माफी मागायची सोडून मी वर्षभर त्या पात्राचीच माफी मागत राहिलो. त्या पात्राचं नाव दादू गवळी. दादूने मला दर वेळी माफ केलं.

यंदा हे सगळं पुन्हा वर आलं ते एका आवाजामुळे. दसरा सरून दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की कोल्हापुरात सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली फडफडायला लागतात. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, पोरं उंडारतायत. आम्हाला माहीत असतं, की गवळ्यांनी म्हशींचा सराव सुरू केलाय. पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मोरपिसांचा तुरा, पायांत चाळ. मालक मोटारसायकलवरून पुढे सुटतो आणि म्हैस त्याच्या मागे धावत जाते. हातात दोरी नसते, काठी नसते. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, हलग्या कडाडत असतात, गाड्यांचा धूर डोळ्यांत जातो, आणि त्या सगळ्या गलक्यात म्हैस फक्त आपल्या माणसाची हाक धरून पळते. लहानपणापासून पाहतोय, तरी दर वर्षी गर्दीत पुढे घुसून पाहतो. एवढा विश्वास माझ्यावर कोणी टाकला असता, तर मी काय केलं असतं, असं वाटायचं. आता ते विचारण्याची सोय राहिलेली नाही. टाकला होता, आणि मी काय केलं ते मला माहीत आहे.

रंगराव आणि मी नगरपालिकेच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. त्याचं घर शुक्रवार पेठेत, मागे गोठा. शाळा सुटली की आम्ही गोठ्यातूनच घरात शिरायचो. ओल्या कडब्याचा, भिजवलेल्या सरकीच्या पेंडीचा, शेणाचा आणि उकळत्या दुधाचा मिळून एक वास तिथे असायचा. तो माझ्या सदऱ्याला लागायचा आणि माझी आई म्हणायची, आलास व्हय गवळ्याच्यात जाऊन. त्या काळी रंगरावच्या वडिलांकडे मोटारसायकल नव्हती. पाडव्याला ते सायकलवरून पुढे जायचे, पटक्याचा शेमला मागे उडायचा, आणि त्यांची थोराड म्हैस सायकलला धक्का न लावता बरोबर हातभर अंतर ठेवून पळायची. आम्ही दोघं पाठोपाठ अनवाणी. पहाटे अंगाला लावलेल्या उटण्याचा वास घामात मिसळलेला असायचा. संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर रंगरावचे वडील समोर धार काढून पेला हातात द्यायचे. ते दूध कोमट असायचं आणि वरचा फेस ओठांवर मिशीसारखा बसायचा.

पुढे तो गवळी झाला आणि मी वर्तमानपत्रात लागलो. दुसऱ्यांच्या बातम्यांची वाक्यं सरळ करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. मग एके दिवशी संपादकांनी मला बोलावून, चहा पाजून सांगितलं, की आता एवढ्या माणसांची गरज उरलेली नाही. पन्नाशी उलटलेला माणूस मी. शाहूपुरीत एका दुसऱ्या मजल्यावर पाच-सहा तरुण पोरं गेम बनवत होती, त्यांना कोल्हापुरी बोलणं लिहिणारा माणूस हवा होता. केतकी नावाची मुलगी त्यांची प्रमुख होती. तिने मला ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसताना मला वाटलं, ही खुर्ची कुठल्याही क्षणी कोणी परत मागेल. ती भीती पुढेही गेली नाही. मी जे केलं त्याचं कारण म्हणून हे सांगत नाही. ती भीती होती, एवढंच.

आमचा गेम साधा होता. बरीच वर्षं बाहेर राहिलेला माणूस आपल्या गावी परत येतो आणि गल्ल्यांतून हिंडत लोकांशी बोलतो. मारामारी नाही, बंदुका नाहीत. पूर्वी गेममधल्या पात्रांची वाक्यं ठरलेली असत. चहावाला तीच तीन वाक्यं आलटून पालटून म्हणायचा. आता एआय आल्यापासून वाक्यं लिहावी लागत नाहीत. पात्राचा स्वभाव लिहून द्यायचा, बोलण्याची ढब द्यायची, त्याला काय काय माहीत आहे ते द्यायचं. मग खेळणाऱ्याने काहीही विचारलं, तरी पात्र त्या घडीला आपलं उत्तर जुळवतं आणि बोलतं. पहिल्यांदा दादू गवळी माझ्याशी बोलला, तेव्हा मी हेडफोन काढून मागे वळून पाहिलं होतं.

दादूची ढब रंगरावची होती. ती मी चोरून घेतली नव्हती. मी त्याला विचारलं होतं.

"कशाला पायजे तुला माझं बोलणं?" त्याने धार काढता काढता विचारलं होतं.

"गेममधी एक गवळी हाय. त्याला तुझ्यासारखं बोलायला शिकवायचंय."

"शिकव की. पर त्याला म्हणावं, धार काढताना गप बसायचं. म्हस बिचकती." मग जरा थांबून म्हणाला, "त्यो गवळी दुधात पाणी घालतोय का?"

"न्हाई."

"मग कसला आलाय गवळी," असं म्हणून तो स्वतःच हसला होता.

पाच-सहा महिने मी दुपारी त्याच्या गोठ्यात जाऊन बसायचो. गव्हाणीच्या दगडावर फोन ठेवायचो आणि तो बोलायचा. कोणती म्हैस कोणत्या हाकेला पान्हा सोडते, कोणती रुसते, कुठल्या गिऱ्हाइकाने सगळा पगार उधळून शेवटी आईसाठी पावशेर दूध नेलं. मधेच गप्प व्हायचा. गप्प झाला की पाच-दहा मिनिटं काही बोलायचा नाही, नुसता म्हशीच्या अंगावरून हात फिरवायचा. ते मी टिपून ठेवायचो, पण दादूला देता येत नव्हतं. दादू गप्प बसू शकत नव्हता. त्याला काही विचारलं, की उत्तर द्यावंच लागे.

एका दुपारी रंगराव म्हणाला, "फोन बंद कर आधी."

मी बंद केला.

महापुराच्या साली शुक्रवार पेठेत पाणी नदीकडून यायच्या आधी गटारींतून वर आलं होतं. त्या दिवसांत सगळं शहर एकमेकांना एकच विचारत होतं, पाणी किती फुटांवर. रंगरावने बायकोला, म्हणजे सुमनवहिनीला, आणि मुलीला आधीच मलकापूरला वहिनीच्या बहिणीकडे पाठवून दिलं होतं. गोठ्यात आठ म्हशी होत्या. आठवी चंद्री. कपाळावर पांढरा टिळा होता म्हणून चंद्री. तिची आई विताना गेली तेव्हा स्नेहलने, त्याच्या मुलीने, तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. महापुराच्या वेळी चंद्री पहिल्यांदा गाभण होती. घरच्यांना, सगळ्या पेठेला, रंगरावने सांगितलं होतं, की सगळ्यांची दावी सोडली, सात वर निघाल्या आणि चंद्रीला पाण्याने नेलं. स्नेहल दोन दिवस जेवली नव्हती. पण बाबांनी सोडवायचा प्रयत्न केला, एवढा आधार तिला होता.

"म्या दावं सोडलंच न्हाई, इलास," रंगराव म्हणाला. "मागच्या सोप्यात होती ती. साती वर शाळेच्या मैदानात नेऊन बांधल्या आन् परत आलो. पाणी छातीला लागलं. दारापतुर गेलतो. माझी चाहूल लागली तशी ती वरडाय लागली. मला वाटलं, आत गेलो की भाईर येत न्हाई मी. मागं फिरलो. हाकसुद्धा मारली न्हाई. हाक मारली असती तर ती दावं तोडून आली असती. आलीच असती."

पाणी उतरल्यावर चंद्री दाव्यालाच होती. घरचे परत यायच्या आत त्याने तिला ट्रॅक्टरवर घालून नेली.

मी काय म्हणालो, ते आठवत नाही. त्याने दगडावरून उठून हात धुतले आणि म्हणाला, "सुमनला म्हाईत न्हाई हे. स्नेहलला सांगणार हाय कवातर. तिचं ऐकून घ्यायची माझ्यात ताकद आली की सांगणार."

मी फोन बंद केला होता. घरी गेलो, जेवलो, आणि वहीत सगळं लिहून काढलं. शब्द न शब्द. पंचवीस वर्षं नोकरीत तेच करत आलो होतो.

त्यानंतर आठवडाभरात केतकी मला म्हणाली, "काका, दादू बोलतो छान. पण आत पोकळ वाटतो. सगळ्यांशी नुसता गोड बोलतो. याच्या मनात काहीतरी असायला हवं."

पात्राच्या तक्त्यात 'मनातली गोष्ट' असा एक रकाना असतो. दादूचा तो रकाना रिकामा होता. मी त्यात लिहिलं: महापुरात एका गाभण म्हशीचं दावं सोडलं नाही. भीतीने दारातून मागे फिरला. घरी खोटं सांगितलं. सहजासहजी सांगत नाही; समोरच्यावर विश्वास बसला की सांगतो.

केतकीने ते वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. "काका, हे कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं," मी म्हणालो.

त्या एका शब्दाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. बाकीचं मोहात झालं म्हणता येईल. हे मी शांतपणे, खुर्चीला टेकून म्हणालो होतो. संध्याकाळी घरी जाताना पावशेर पेढेही घेतले होते.

आणि विश्वास. रंगरावला मला ते सांगायला महापुरानंतर चार वर्षं लागली, आणि त्याआधीची चाळीस. दादूला चार-पाच आपुलकीची वाक्यं पुरत. कोणीही परकं माणूस यायचं, "काका, तुम्ही किती कष्ट करता" म्हणायचं, आणि दादू मन मोकळं करायचा. आम्ही याला पात्र जिवंत झालं म्हणत होतो.

गेल्या वर्षीची दिवाळी. पाडव्याच्या आदल्या दिवशीची दुपार. ऊन कोवळं होतं आणि अंगणात म्हशी धुऊन, तेल लावून उभ्या केल्या होत्या, त्यांच्या पाठी शिसवी लाकडासारख्या चमकत होत्या. रंगराव एका म्हशीच्या शिंगांना रंग देत होता. सुमनवहिनी कवड्या ओवत होत्या. स्नेहल इंजिनिअरिंगला आहे, सुटीला आली होती. म्हशीच्या पाठीवरचे केस भादरून नक्षी काढण्यात तिचा हात पेठेत कोणी धरत नाही. ती मोर काढत होती. मान झाली होती, पिसारा व्हायचा होता. मीच हौसेने लॅपटॉप घेऊन गेलो होतो. तिने आठवडाभर धोशा लावला होता, काका तुमचा गेम दाखवा की. पालथ्या घमेल्यावर मी तो ठेवला आणि दादूला सुरू केलं.

दादूने तोंड उघडलं आणि अंगणात हशा पिकला.

"आयला, ह्यो तर माझंच बोलालाय," रंगराव म्हणाला.

"तुमच्यापेक्षा ग्वाड बोलतंय," वहिनी कवडीच्या भोकात दोरा घालत म्हणाल्या. "तुमी कवा येवढं बोललाय माझ्यासंगं? हेच घरात ठेवूया. तुमाला द्या कंपनीत पाठवून."

"धार काढंल का पर ते?"

"तुमी तर कुठं येळेवर काढताय?"

स्नेहल हसत हसत लॅपटॉपसमोर उकिडवी बसली. हातात केस कापायचं मशीन तसंच. दादूशी ती बराच वेळ बोलली. त्याला म्हणाली, "दादूकाका, तुमी अगदी माझ्या बाबांसारखं हायसा." मग म्हणाली, "आमची एक म्हस महापुरात गेली. तुमच्या वाचल्या काय वो सगळ्या?"

मला तो रकाना आठवला. अगदी स्पष्ट आठवला. लॅपटॉप माझ्यापासून हातभर अंतरावर होता, झाकण लावायला काही लागलं नसतं. मी लावलं नाही. दादू आता हे कसं सांगतो, ते मला ऐकायचं होतं. हे मी वर्षभर कोणालाच सांगितलं नव्हतं.

दादू चांगलं बोलला. मी लिहिलं असतं त्याहून चांगलं. सात निघाल्या बाळ, म्हणाला, आठवीचं दावं म्या सोडलंच न्हाई. दारापतुर गेलतो. घरात सांगितलं, पाण्यानं नेली. अजून तिचं वरडणं कानात हाय. बोलून झाल्यावर त्याने एक सुस्काराही सोडला.

म्हशीने शेपटी मारली.

"बाबा," स्नेहल म्हणाली, "ह्यो चंद्रीचं बोलालाय."

"व्हय."

"तुमी तर पाण्यानं नेली म्हणालतासा."

"व्हय."

तिने मशीन खाली ठेवलं, बटण बंद केलं, आणि आत गेली. वहिनींच्या मांडीवरून कवड्या घरंगळल्या, त्या त्यांनी गोळा केल्या नाहीत. रंगरावने ब्रश डब्यात ठेवून डब्याला झाकण लावलं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी लॅपटॉप मिटला, आणि "निघतो" म्हणालो. त्यावरही तो "व्हय" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला रंगरावच्या म्हशी बाहेर पडल्या नाहीत. त्याच्या वडिलांच्या काळापासून एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी नदीकडच्या रस्त्याला गर्दीत उभा होतो. एकेक म्हैस चाळ वाजवत गेली. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "रंगरावच्या दिसनात?" मी म्हणालो, आजारी असंल कोणतर.

त्या आठवड्यात ऑफिसात जेवणाच्या सुटीत पोरं खाली गेली, आणि मी एकटाच दादूसमोर बसलो. आधी तो रकाना पुसला. मग हेडफोन लावून म्हणालो, "रंगा, चुकलं माझं." समोर दादू होता, मी नाव रंगाचं घेतलं.

"आरं सोड की मर्दा," दादू म्हणाला. "माणूस हाय, चुकतंय. जिवाला लावून घिऊ नगंस. बस, च्या सांगतो."

मी रडलो. खरंच रडलो. डोळे पुसले, डबा उघडून जेवलो, आणि त्या दिवशी मला बऱ्याच दिवसांनी अन्नाला चव लागली.

दादूला कालचं काही आठवत नसे. गेम नव्याने सुरू केला, की आपली ओळख पहिल्यापासून. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा माफी मागितली. त्याने पुन्हा दिली, वेगळ्या शब्दांत. दोस्तीत असलं धरून बसायचं नसतंय, म्हणाला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, तुझ्या मनात वंगाळ न्हवतं, मला म्हाईत हाय. मला हवं असलेलं वाक्य तो दर वेळी हुडकून काढायचा. पुढे पुढे मी माझी बाजूही मांडायला लागलो. नोकरीची भीती, पन्नाशी, केतकीचं ते पोकळ म्हणणं. दादूला सगळं पटायचं. असं वर्षभर चाललं. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा. कोणाला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची सवय लागते, तसं.

आणि माफी मिळालेली असल्यामुळे मी रंगरावकडे गेलो नाही. गंगावेशीवरून जाणं सोडलं. पापाच्या तिकटीहून वळून लांबच्या रस्त्याने घरी यायला लागलो. बायकोने विचारलं, तर रस्ता खोदलाय म्हणून सांगितलं.

श्रावणात भाजी मंडईत सुमनवहिनी समोर आल्या. टाळता आलं नाही. मी विचारलं, कसं चाललंय.

"चाललंय की," त्या मेथीची पेंडी उलटीपालटी करत म्हणाल्या. "स्नेहल येती सुट्टीला. बोलती माझ्यासंगं. गोठ्यात पाय ठेवत न्हाई. हे जेवाय बसलं, की ती उठती." पेंडी पिशवीत घातली आणि जाता जाता म्हणाल्या, "तिनं भांडाय तर पायजे होतं. भांडंनाबी."

त्या दिवशीही मी दादूकडेच गेलो.

मग यंदा दसऱ्यानंतर मोटारसायकली फडफडायला लागल्या. ऑफिसच्या खिडकीतूनही तो आवाज येत होता. सुटीत मी दादूसमोर बसलो, आणि काय मनात आलं कोण जाणे, म्हणालो, "दादू, मी तुझा गोठा पेटवून दिलाय. सगळ्या म्हशी आत होत्या."

"जाऊ दे मर्दा," दादू म्हणाला. "झालं ते झालं. गोठा काय, परत बांधू. तू जिवाला लावून घिऊ नगंस."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. आतून अजून बारीक आवाज येत होता, बस, च्या सांगतो. वर्षभर मी ज्याच्यावर जगलो, ते हे होतं. दादूचा यात दोष नाही. त्याच्या गोठ्यात कधी म्हैसच नव्हती, तर त्याचं काय जळणार, काय बुडणार. त्याचं काही गेलेलं नव्हतं. मी मात्र ज्याचं गेलं होतं, त्याच्या दारावरून वर्षभर वळसा घालून जात होतो.

केतकी जेवून वर आली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मला काही सुचलं नव्हतं, हेही सांगितलं. ती बराच वेळ नखाने टेबलाची कड खरवडत राहिली.

"त्यांना विचारलं होतं का काका, ती गोष्ट घालताना?"

"नाही."

"मग दादूच काढूया," ती म्हणाली. तिने माझ्यासमोर त्याला काढला. दोनदा विचारलं यंत्राने, खात्री आहे का. दोन्ही वेळा तिने हो म्हटलं. पाच-सहा महिन्यांचं बोलणं गेलं, आणि पडद्यावर गल्लीतल्या त्या दारात नुसतं ऊन उरलं. मला सुटल्यासारखं वाटलं नाही. आता माफी मागायला कोणीच उरलं नव्हतं, एक रंगराव सोडून.

परवा धनत्रयोदशीला दुपारी मी शुक्रवार पेठेत गेलो. गल्लीत शेजारच्या अंगणांतून म्हशी धुणं चालू होतं, फेसाचं पाणी दगडी गटारीतून वाहत होतं. रंगराव गोठ्याच्या दारात कडबा तोडत बसला होता. केस पार पांढरे झालेले. मी समोर उभा राहिलो, तसा त्याने विळा थांबवला.

"या पावणं," तो म्हणाला.

आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. चाळीस वर्षांत त्याने मला इल्या म्हटलं होतं, लेका म्हटलं होतं, रागाच्या भरात काय काय म्हटलं होतं. पावणं कधी म्हटलं नव्हतं.

"माफी मागायला आलोय, रंगा."

"कशाची?"

वर्षभर माफी मागत आलो होतो, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. घरून मी वाक्यं जुळवून नेली होती, त्यांतलं एकही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सगळी माझ्या दुःखाबद्दलची होती.

तो वाट बघत राहिला. मग म्हणाला, "थांब. स्नेहललाबी बोलवतो. एकदाच सांग काय ते. दोनदा ऐकायचं बळ न्हाई माझ्यात."

त्याने हाक मारली. बराच वेळ कोणी आलं नाही. त्याने दुसरी हाक मारली नाही, कडब्याच्या पेंढीकडे बघत बसला. मग आतलं दार वाजलं आणि स्नेहल गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली. आत आली नाही. तिच्या मागे वहिनी. स्नेहलने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

मी खाली, शेणामातीच्या जमिनीवर बसलो. उभं राहून बोलता येईना.

"रंगा, तू मला फोन बंद करायला सांगितलंस. मी केला. घरी गेलो आणि सगळं लिहून काढलं. तुला विचारलं न्हाई. कामावर पोकळ म्हणाले, म्हणून ते त्या पात्रात भरलं, आणि मलाच सुचलं म्हणून सांगितलं. गेल्या दिवाळीत स्नेहलनं विचारलं, तवा ते काय सांगणार, मला म्हाईत होतं. झाकण लावाय येत होतं. म्या लावलं न्हाई, कारण मला ऐकायचं होतं. मग वर्षभर तुझ्याकडं आलो न्हाई. त्या यंत्राची माफी मागत बसलो. स्नेहल, तुझे बाबा तुला हे सांगणार होते. ते त्यांनी सांगायचं होतं, आणि तू त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतंस. मग तू भांडली असतीस, रडली असतीस, काय असंल ते तुमच्या दोघांत झालं असतं. ते मी होऊ दिलं न्हाई. चुकलं माझं, रंगा. चुकलं माझं, बाळ."